एवढ्याशा पोराला मारणाऱ्याची कीव का येते? 'फ्रँकेन्स्टाइन' सोप्या भाषेत

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिग्दर्शक गियेर्मो देल तोरोचा 'फ्रँकेन्स्टाइन' हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला आणि तेव्हापासून घरात, ग्रुपवर, ऑफिसात डबा खाताना एकच प्रश्न फिरतोय, की आपण भीतीदायक सिनेमा म्हणून बघायला बसलो आणि शेवटी त्या राक्षसासाठीच डोळ्यांत पाणी आलं, हे झालं काय. सिनेमाने पुस्तकातलं बरंच बदललंय, म्हणून मी माझ्या मावशीला मेरी शेलीच्या मूळ पुस्तकातली गोष्ट सांगत बसले. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "अगं पण त्याने एवढ्याशा पोराला गळा दाबून मारलं ना? मग त्याची कसली कीव?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. मला तर वाटतं की लेखिकेला वाचकाच्या तोंडून हाच प्रश्न हवा होता. पण उत्तरासाठी जरा मागून सुरुवात करावी लागेल.

नाव कोणाचं?

फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला बनवणाऱ्याचं आडनाव आहे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा जिनिव्हाच्या खात्यापित्या घरातला मुलगा, शिकायला जर्मनीत इंगोलश्टाटला जातो, आणि तिथे जवळजवळ दोन वर्षं स्वतःला खोलीत कोंडून घेऊन, प्रेतांचे अवयव जमवून आठ फूट उंचीचा एक माणूस तयार करतो आणि त्याच्यात जीव घालतो. त्या माणसाला पुस्तकभर नाव नाही. व्हिक्टर त्याला सैतान म्हणतो, राक्षस म्हणतो, पण नाव ठेवत नाही. आपल्याकडे बाळाला पाळण्यात घालून कानात नाव सांगतात, याच्या कानात कोणी काहीच सांगितलं नाही. १८२३ मध्ये लंडनला या गोष्टीवर नाटक आलं तेव्हा पात्रांच्या यादीत त्याच्या नावाच्या जागी नुसती रेघ छापली होती, आणि लेखिकेला ते आवडलं होतं. पुढे लोकांनीच बापाचं नाव पोराला लावून टाकलं. चूक आहे, पण मला त्या चुकीचा राग येत नाही, पोराला बापाचं नाव लागतंच की. इथे मी त्याला क्रिएचर म्हणेन, पुस्तकातलाच शब्द आहे, अर्थ घडवलेला जीव.

बनवलेली गोष्ट बनवणाऱ्यावरच उलटली की मराठीत आपण तिला भस्मासुर म्हणतो. एआयबद्दल लेख आला की कुठेतरी भस्मासुर येतोच. पण दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. भस्मासुराला वर मिळाला आणि तो वर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला, म्हणजे उलटला तो. इथे क्रिएचरने डोळे उघडले तेव्हा त्याने कोणाचं काहीही वाकडं केलेलं नव्हतं आणि पळून गेला तो बनवणारा.

तो पळण्याचा प्रसंग फार लहान आहे, भरभर वाचताना निसटतो. नोव्हेंबरची पावसाळी रात्र आहे. क्रिएचर डोळे उघडतो, व्हिक्टरला त्याचं रूप बघून किळस येते आणि तो दुसऱ्या खोलीत जाऊन झोपतो. वाईट स्वप्न पडून जागा होतो तर पलंगाचा पडदा वर करून क्रिएचर त्याच्याकडे बघतोय, तोंडातून काहीतरी अस्पष्ट आवाज येताहेत, गालांवर हसल्यासारख्या सुरकुत्या पडल्यात, आणि एक हात पुढे केलाय. व्हिक्टर म्हणतो तो हात मला धरायला होता, म्हणून मी जिना उतरून पळालो. आता हेच वर्णन व्हिक्टरचं नाव काढून वाचा. रात्री उठून आईबापाच्या पलंगापाशी आलेलं, बोलता न येणारं, हसणारं, हात पुढे करणारं कोण असतं? ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याला लगेच कळेल.

गॉथिक म्हणजे काय आणि ही बाई कोण?

गॉथिक हा शब्द एकदाच समजून घेऊ. १७६४ मध्ये होरेस वॉल्पोल नावाच्या इंग्रजाने एका जुन्या किल्ल्यातल्या शापित घराण्याची कादंबरी लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तीवर 'गॉथिक कथा' असं छापलं, तिथून हा प्रकार सुरू झाला असं मानतात. पडके वाडे, वादळं, तळघरं, घराण्याची गुपितं आणि वाचताना अंगावर येणारा काटा, असा सगळा मामला.

मेरी शेलीने यात एक मोठी गोष्ट केली, तिने भीती वाड्यातून काढून पाळण्याशेजारी आणली. तिच्या आयुष्यात त्याला कारण होतं. ३० ऑगस्ट १७९७ ला लंडनमध्ये तिचा जन्म झाला आणि बाळंतपणातल्या तापाने तिची आई, स्त्रियांच्या हक्कांबद्दल लिहिणारी मेरी वॉल्स्टनक्राफ्ट, १० सप्टेंबरला गेली. मेरी पुढे कवी पर्सी शेलीबरोबर घर सोडून गेली, फेब्रुवारी १८१५ मध्ये दिवस पूर्ण भरण्याआधीच तिला मुलगी झाली आणि ती दोन आठवड्यांतच गेली. त्याच मार्चमध्ये मेरीने डायरीत लिहिलंय, की स्वप्न पडलं, बाळ परत जिवंत झालं, ते फक्त गारठलं होतं, आम्ही शेकोटीपुढे त्याला चोळलं आणि ते जगलं. मेलेल्यात जीव येण्याची कल्पना तिच्याकडे पुस्तकाच्या आधी अशी आलेली आहे.

पुढच्या वर्षी, १८१६ च्या उन्हाळ्यात, ती जिनिव्हाच्या तळ्याकाठी होती. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी १८१५ च्या एप्रिलमध्ये फुटला होता, त्याच्या धुरळ्याने युरोपात उन्हाळा आलाच नाही, सतत पाऊस आणि थंडी. कवी बायरनच्या बंगल्यात सगळे अडकले आणि बायरन म्हणाला चला प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहू. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. १ जानेवारी १८१८ ला पुस्तक आलं, फक्त ५०० प्रती, वर लेखिकेचं नाव नाही. या काळात मेलेल्या शरीराला वीज देऊन हलवून दाखवायचे प्रयोग चालायचे, आल्दिनी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या एका माणसावर तसा प्रयोग केला होता, त्यामुळे त्या वाचकांना ही कल्पना अगदीच हवेतली वाटली नसणार.

एकात एक डबे

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या रचनेत आहे. गोष्ट सांगणाऱ्याला निवेदक म्हणतात, आणि इथे तीन निवेदक आहेत, एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या डब्यांसारखे. बाहेरचा डबा वॉल्टन, उत्तर ध्रुवाकडे निघालेला एक दर्यावर्दी, तो बहिणीला पत्रं लिहितोय. त्याला बर्फात अर्धमेला व्हिक्टर सापडतो आणि आपली कहाणी सांगतो, तो दुसरा डबा. व्हिक्टरच्या कहाणीच्या मधोमध क्रिएचर स्वतः बोलायला लागतो, सलग सहा प्रकरणं, तो सगळ्यात आतला.

आता दोन भावांत वाटणीवरून भांडण झालंय असं समजा. थोरल्याकडे चहा प्यायलात की धाकटा हलकट वाटतो. मग धाकट्याच्या घरी जाता, तो आवाज न चढवता पहिल्यापासून सांगतो, आणि तुम्ही गप्प बसता, कारण प्रसंग तेच आहेत पण आता ते दुसऱ्या खिडकीतून दिसतात. मेरीने हेच केलं. आधी दहा प्रकरणं व्हिक्टरची. तोपर्यंत व्हिक्टरचा लहान भाऊ विल्यम, मावशीने विचारलेलं ते पोर, मेलेला आहे, आपण खुन्याचा तिरस्कार करतोय, आणि मग खुनी म्हणतो, आता माझं ऐक.

मराठी वाचकाला हे नवीन नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण सगळे आपापल्या तोंडून बोलतात. भरसभेत द्रौपदीचा अपमान करणारा कर्ण आपल्याला माहीत असतो, तरी जन्मल्याबरोबर पाण्यात सोडलेल्या पोराने 'मी' म्हणून बोलायला सुरुवात केली की आपण त्याच्या बाजूला जाऊन बसतो. (माझी आजी कर्णाबद्दल वाईट बोललेलं खपवून घ्यायची नाही.)

उलट बाजू बघायची तर १८९७ चा 'ड्रॅक्युला' बघा. तोही डायऱ्या आणि पत्रांनी बनलेला आहे, पण डायऱ्या त्याची शिकार करणाऱ्यांच्या नाहीतर त्याला बळी पडणाऱ्यांच्या. ड्रॅक्युलाची डायरी कुठेच नाही. त्याचं एकटेपण कोणी आपल्याला आतून दाखवत नाही, म्हणून त्या पुस्तकात तो बहुतेक वेळ संकटच राहतो.

डोळ्यांवर ठेवलेला हात

व्हिक्टर आणि क्रिएचरची भेट होते आल्प्समधल्या मॉं ब्लां डोंगराच्या कुशीतल्या बर्फाच्या नदीवर. व्हिक्टर ओरडतो, माझ्या नजरेसमोरून दूर हो. तेव्हा क्रिएचर आपले हात व्हिक्टरच्या डोळ्यांवर ठेवतो आणि म्हणतो, घे, तुला नको असलेलं दृश्य मी काढून घेतलं, आता तू ऐकू तर शकतोस. व्हिक्टर ते हात झटकून टाकतो.

माझ्या मते पुस्तकाची किल्ली या हातांत आहे, कारण वाचकाच्या डोळ्यांवर ते हात पहिल्या पानापासून असतात. कागदावर क्रिएचर दिसत नाही, फक्त ऐकू येतो. पिवळट कातडी, पाणचट डोळे, काळे ओठ हे वर्णन एकदा वाचून मागे पडतं, आवाज मात्र पानामागून पान चालू राहतो आणि तो आवाज शहाण्या, वाचलेल्या, दुखावलेल्या माणसाचा आहे.

तो काय सांगतो? जंगलात थंडीने कुडकुडणं, चंद्र पहिल्यांदा दिसल्याचा आनंद, कोणीतरी सोडून गेलेल्या आगीत हात घालून भाजून घेणं, म्हणजे लहान मूल जे जे शिकतं ते सगळं, फक्त शेजारी कोणी नाही. मग तो एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या छपरात लपून राहतो, भिंतीच्या फटीतून त्यांना बघत भाषा शिकतो. ते उपाशी राहतात हे लक्षात आल्यावर त्यांचं अन्न चोरणं बंद करतो आणि रात्री गुपचूप जळण तोडून दारात ठेवतो. त्याला तीन पुस्तकं सापडतात, त्यातलं एक इंग्रज कवी मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट', देवाने घडवलेल्या पहिल्या माणसाची, आदमाची गोष्ट सांगणारं काव्य. ते वाचून तो व्हिक्टरला म्हणतो मी तुझा आदम व्हायला हवा होतो. मेरीने पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मिल्टनच्या आदमाची ओळ टाकली आहे, देवाला विचारलेली, की मला मातीतून घडव असं मी तुला म्हटलं होतं का?

शेवटी धीर करून तो झोपडीत शिरतो, घरात फक्त म्हातारा आहे अशी वेळ साधून. म्हातारा आंधळा आहे. तो म्हणतो मला तुझा चेहरा दिसत नाही पण तुझ्या बोलण्यात खरेपणा वाटतो. पूर्ण पुस्तकात शेजारी बसून त्याच्याशी मायेने बोललेला हा एकच माणूस, आणि तेवढ्यात डोळस मुलं घरी येतात आणि मुलगा त्याला काठीने मारतो. त्याच्या अंगात मुलाचे तुकडे करायची ताकद होती, तो म्हणतो, पण मी हात उचलला नाही. पुढे नदीत बुडणाऱ्या मुलीला तो वाचवतो तर तिच्याबरोबरचा माणूस त्याला गोळी घालतो.

पण खून तो खूनच ना?

हो. मावशीचा मुद्दा इथे पक्का उभा राहतो आणि मेरीही त्याला धक्का लावत नाही. विल्यम भेटतो तेव्हा क्रिएचरला वाटतं की लहान मुलाच्या मनात रूपाबद्दल वाईट भरलेलं नसेल, याला सोबती म्हणून नेऊ. मूल घाबरून त्याला राक्षस म्हणतं आणि वडिलांचं नाव घेतं, फ्रँकेन्स्टाइन. ते नाव ऐकल्यावर तो गळा दाबतो आणि नंतर त्याला आनंद होतो, आपणही कोणाचं तरी सगळं उद्ध्वस्त करू शकतो याचा आनंद. हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. कीव करून घ्यायची असती तर हा आनंद लपवता आला असता.

इथे दोन शब्द वेगळे ठेवायला लागतात, समजणं आणि सोडून देणं. वकील अशिलाची पूर्ण गोष्ट ऐकतो तेव्हा तो अशिलाला निर्दोष ठरवत नसतो. क्रिएचर म्हणतो मी मुळात चांगला होतो, दुःखाने मला राक्षस केलं, मला सुखी कर म्हणजे मी परत चांगला होईन. यातलं पहिलं वाक्य खरं मानता येतं आणि तरीही विल्यमचा खून त्याच्याच नावावर राहतो.

कोणी म्हणेल, छळ सगळ्यांचाच होतो, सगळे खून करत नाहीत. मान्य. पण सगळ्यांचा छळ होतो तेव्हा निदान एखादी आई, एखादा मित्र, नाव घेऊन हाक मारणारं एखादं माणूस कुठेतरी असतं. याला जन्मापासून तेही नव्हतं. शिवाय तो व्हिक्टरकडे मागतो ती एकच गोष्ट, माझ्यासारखीच एक बाई बनव, आम्ही दक्षिण अमेरिकेच्या रानात निघून जाऊ.

आणि हा आजच्या हळव्या काळाचा अर्थ आहे असंही नाही. पर्सी शेलीने पुस्तक नवं असतानाच त्यावर एक लेख लिहिला होता, तो छापून आला १८३२ मध्ये, त्यात तो हेच म्हणतो की माणसाला वाईट वागवा, तो वाईट होईल.

मग बोलता न येणाऱ्याची कीव येतच नाही का?

हा आक्षेप माझ्याच म्हणण्यावर आहे आणि तो जोरदार आहे. १९३१ च्या सिनेमात बोरिस कार्लोफचा राक्षस एक शब्द बोलत नाही, नुसता गुरगुरतो, चपटं डोकं आणि मानेतले बोल्ट हे रूप लोकांच्या डोक्यात बसलं ते तिथूनच. तरी लोकांना त्याची दया येते. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याच्याबरोबर पाण्यात फुलं टाकून खेळते, फुलं संपतात, आणि तीही तरंगेल असं वाटून तो तिला पाण्यात टाकतो. सिनेमात कॅमेरा निवेदकाचं काम करतो, फुल हातात घेताना त्याचा चेहरा किती खुलतो ते आपल्याला जवळून दाखवतो. पण त्यात एक तोटा झाला. न बोलणारा राक्षस निरागस होतो, आणि निरागसाला माफ करणं सोपं असतं. मेरीचा क्रिएचर सगळं समजून करतो. मला तोच जास्त अवघड आणि जास्त खरा वाटतो.

व्हिक्टरची कीव करायची का?

मला सुरुवातीला त्याचा नुसता संताप यायचा. पण दुसऱ्या वाचनात काही गोष्टी दिसल्या. त्याची आई तो शिकायला निघायच्या तोंडावर तापाने गेलेली आहे, आणि मेलेल्यात जीव घालायचं वेड त्यानंतरचं आहे. दुसरं म्हणजे तो बाई बनवायला घेतो आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटावर, काम अर्धवट झालेलं असताना, तिचे तुकडे करतो. क्रिएचरच्या बाजूने बघितलं तर हे भयंकर आहे. पण व्हिक्टर त्या रात्री पहिल्यांदा असा विचार करतोय की मी बनवलेल्या गोष्टीचं पुढे काय होईल, तिची इच्छा वेगळी निघाली तर, त्यांची पोरं झाली तर, जगाने ते का भोगायचं. हाच विचार इंगोलश्टाटच्या खोलीत केला असता तर काही घडलंच नसतं. उशिरा आलेलं शहाणपण क्रूर ठरतं, पण ते शहाणपण नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

त्या रात्रीची किंमत त्याचा जिवलग मित्र क्लर्व्हल देतो, आणि लग्नाच्या रात्री त्याची नवरी एलिझाबेथ, दोघांनाही क्रिएचर मारतो. तरी मरताना व्हिक्टर म्हणतो की मागचं सगळं तपासून पाहिलं, मला माझ्या वागण्यात दोष दिसत नाही. इथे मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही, आणि कारण जस्टिन.

जस्टिन मॉरित्झ ही फ्रँकेन्स्टाइनांच्या घरात काम करणारी मुलगी. विल्यमला मारल्यावर क्रिएचर त्याच्या गळ्यातलं आईच्या चित्राचं लॉकेट काढतो आणि झोपलेल्या जस्टिनच्या कपड्यांत सरकवतो. तिच्यावर खटला चालतो. व्हिक्टरची खात्री आहे की खुनी कोण, पण सांगितलं तर लोक वेडा म्हणतील म्हणून तो गप्प बसतो. धर्मगुरू नरकाची धमकी देऊन तिच्याकडून खोटा कबुलीजबाब घेतो आणि तिला फाशी होते. बनवणारा आणि बनवलेला, दोघांनी मिळून तिला मारलं, एकाने लॉकेट ठेवून आणि एकाने तोंड बंद ठेवून. आणि तीन डब्यांपैकी एकही तिचा नाही. विल्यमचाही नाही. आपली सगळी माया बोलणाऱ्या दोन पुरुषांत वाटली जाते, आणि मी इतक्या वेळा हे पुस्तक वाचलं तरी चर्चा करताना जस्टिनचं नाव मला आठवून घ्यावं लागतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. मावशीने मात्र पहिल्या फटक्यात पोराबद्दल विचारलं.

तो गोड बोलून फसवतोय असं नाही का?

व्हिक्टर वॉल्टनला हेच बजावतो, त्याच्या बोलण्यात फार ताकद आहे, विश्वास ठेवू नकोस. मग व्हिक्टर मरतो आणि रात्री केबिनमध्ये आवाज येतो म्हणून वॉल्टन जातो तर प्रेतावर वाकलेला क्रिएचर, रडतोय, ज्याने सोडलं त्याचीच माफी मागतोय. वॉल्टनला त्याच्याकडे बघवत नाही, तो नकळत डोळे मिटून घेतो आणि थांब म्हणतो. त्याचं बोलणं ऐकून आधी मन हलतं, मग व्हिक्टरचा इशारा आठवतो, मित्राच्या प्रेताकडे नजर जाते आणि परत राग येतो. क्रिएचर विचारतो, सगळी माणसं माझ्याशी वाईट वागली आणि गुन्हेगार मी एकटाच का? आणि लगेच पुढे स्वतःच म्हणतो, पण खरंय, मी नीच आहे, मी दुबळ्यांचे आणि निष्पापांचे जीव घेतलेत.

वॉल्टन यावर काहीच निकाल देत नाही. क्रिएचर सांगतो की मी उत्तरेच्या टोकाला जाऊन चिता रचून स्वतःला जाळून घेईन, आणि केबिनच्या खिडकीतून खाली बर्फाच्या तराफ्यावर उडी मारतो. लाटा त्याला लांब नेतात आणि तो अंधारात दिसेनासा होतो. चिता पेटलेली कोणीच बघितली नाही, पुस्तक तिथेच संपतं.